रुग्णसेवेची पहिली नोकरी नकोशी झाली, तर

दहावी-बारावीनंतर जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे सगळे ज्याला जीडीए म्हणतात तो काही महिन्यांचा कोर्स करून अनेक मुली आणि मुलगे रुग्णालयात लागतात. कोर्सला असताना पुतळ्याला कुशीवर वळवायला शिकलेले असते. वॉर्डात वळवायचा असतो ऐंशी किलोचा, पक्षाघात झालेला, दुखते म्हणून ओरडणारा माणूस. त्याच वेळी पलीकडचा पेशंट बेडपॅन मागतो, सिस्टर एक्स-रेला पेशंट न्यायला सांगतात आणि नातेवाईक आवाज चढवतात. दोन-तीन महिने असे गेले की मन म्हणू लागते, हे आपल्याच्याने व्हायचे नाही. घरात एक जण म्हणतो सोडून दे, दुसरा म्हणतो कोर्सचे पैसे भरलेत, टिकून राहा.

दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले असतात आणि दोन्ही घाईचे असतात. माझे ठाम मत असे की पहिली नोकरी या कामाविषयी जितके सांगते त्याहून जास्त त्या जागेविषयी सांगते. नव्या माणसाला बहुधा तीच जागा मिळते जिथून अनुभवी माणसे निघून गेलेली असतात. म्हणून सोडायचे की राहायचे हे ठरवण्याआधी, नेमके काय नकोसे झाले आहे, ते वेगळे काढायला हवे.

नकोसे काय झाले आहे?

सलग नाइट केल्यावर सगळेच नकोसे वाटते, त्यामुळे हा विचार ऑफच्या दिवशी, झोप पूर्ण झाल्यावर करावा. वहीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. पहिली, शरीराशी संबंध येणारे काम: मलमूत्र, उलटी, जखमेचा वास, म्हाताऱ्या माणसाला स्पंजिंग देताना वाटणारा संकोच, मृत्यू. दुसरी, माणसे: इन्चार्ज सिस्टरचे बोलणे, जुन्या मावशी-मामांनी नव्यावर ढकललेली कामे, नातेवाइकांची अरेरावी. तिसरी, अटी: पगार, डबल ड्युटी, न मिळणारी सुट्टी, सांगितले एक आणि करायला लावले दुसरे.

या तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत. शरीराशी संबंध येणाऱ्या कामाची किळस बहुतेकांची हळूहळू कमी होते. काहींची कधीच होत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. माणसांचा त्रास वॉर्ड बदलला की पुष्कळदा संपतो. अटींचा त्रास मात्र सहन करत राहिल्याने कमी होत नाही. तिथे एकतर मागणी करावी लागते किंवा जागा सोडावी लागते.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. या काळात एखादी तरी वेळ अशी आली का, की पेशंटला आराम पडलेला दिसला आणि आपल्याला बरे वाटले? केस विंचरून दिल्यावर आजी हसल्या, चार घास जास्त गेले, पोझिशन दिल्यावर कण्हणे थांबले, असे काही? अशी वेळ आठवत असेल तर काम सोडण्याआधी जागा बदलून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. काहीच आठवत नसेल, तर दुसरी वाट शोधायला हरकत नाही.

सुरुवात इतकी जड का जाते

पहिले कारण वेगाचे. अनुभवी मावशी एका पेशंटचे स्पंजिंग, चादर आणि डायपर ज्या वेळात उरकतात, त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ नव्या माणसाला लागतो. कोणत्या पेशंटला आधी पाहायचे, चादर बदलताना सामान आधी कुठे ठेवायचे, एका फेरीत किती कामे उरकायची, हे हळूहळू हाताला कळते. वेग येईपर्यंत बोलणी खावी लागतात, आणि बोलणी खाल्ली की हात आणखी अडखळतात.

दुसरे कारण शरीराचे. कंबर धरते. पेशंटला काखेत हात घालून एकट्याने वर ओढणे ही सर्वांत वाईट सवय आहे आणि घाईच्या वॉर्डात तीच आधी लागते. पलंग आपल्या कंबरेच्या उंचीवर घ्यावा, पेशंटच्या खाली ड्रॉशीट, म्हणजे सरकवण्यासाठीची आडवी चादर, असावी, दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवावे, वाकताना गुडघ्यात वाकावे. जड पेशंटसाठी दुसऱ्याला हाक मारायला संकोचू नये. ज्या वॉर्डात हाक मारली तर कोणी येतच नाही, तो वॉर्ड तुमच्या कमीपणाचा पुरावा नाही.

तिसरे कारण शिकवणाऱ्याचे. नव्या माणसाला काही दिवस तरी एका अनुभवी माणसाबरोबर जोडीने ठेवायला हवे. अनेक लहान दवाखान्यांत पहिल्याच दिवशी एकट्याच्या भरवशावर वॉर्ड सोपवतात. अशा ठिकाणी सुरुवात झालेल्यांना वाटते की आपण मंद आहोत, प्रत्यक्षात त्यांना कोणी शिकवलेलेच नसते.

मृत्यूचे वेगळे सांगायला हवे. पहिला पेशंट गेल्यावर बॉडी आवरायची वेळ आली आणि घरी जाऊन जेवण गेले नाही, असे झाले तर ते साहजिक आहे. त्याबद्दल एखाद्या जुन्या सिस्टरशी बोलावे; बहुतेकींना आपला पहिला मृत्यू आठवत असतो. झोपच उडाली, रडू थांबत नाही, जगणेच नकोसे वाटते, असे होऊ लागले तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

या कामाची किंमत

‘शेवटी हगणे-मुतणेच काढायचे ना’ असे नातलगांकडून ऐकावे लागते, आणि मन खचण्यात या वाक्याचा वाटा मोठा असतो. तो तुच्छतेचा भाव जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रमाबाई रानडे यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना नर्सिंग शिकवायला घेतले, तेव्हाही या कामाकडे हलके काम म्हणूनच पाहिले जात होते.

याला सर्वांत मोठे उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. १९७३ साली तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षे, तिथल्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव केला आणि तोपर्यंतच्या इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही याची नोंद घेतली. बेडसोर होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्याने हे काम केले आहे त्यालाच कळते. साधारण दर दोन तासांनी पोझिशन बदलायची, त्वचा कोरडी ठेवायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, टाचा आणि माकडहाड रोज पाहायचे, पोटात पुरेसे अन्न जाते आहे ना यावर लक्ष ठेवायचे. यातले बहुतेक काम असिस्टंटच्या हातचे आहे.

तुमचे काम कोणते, कोणते नाही

आंघोळ आणि स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, भरवणे, पॅन-पॉट देणे, चादरी, पोझिशन, पेशंटला व्हीलचेअर किंवा स्ट्रेचरवरून नेणे-आणणे, ताप-नाडी-बीपी पाहून सिस्टरला सांगणे, किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली याची नोंद ठेवणे, काही वेगळे दिसले तर लगेच कळवणे. हे असिस्टंटचे काम.

इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, गोळ्या-औषधे आपल्या निर्णयाने देणे, कॅथेटर किंवा नाकातून नळी घालणे, हे तुमचे काम नाही. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि ती जीडीए कोर्सवर मिळत नाही. तरी अनेक लहान नर्सिंग होममध्ये रात्री एकही नोंदणीकृत सिस्टर नसते आणि पांढऱ्या कपड्यातल्या मुलीला सगळे सिस्टर म्हणून हाक मारतात. सुरुवातीला त्यात मान वाटतो. पण चुकीच्या औषधाने पेशंटचे बरेवाईट झाले, तर आधी पेशंटचे नुकसान होते आणि मग चौकशीत सर्वांत दुबळी बाजू त्या मुलीची असते. तुम्हाला रोज हे करायला लावत असतील, तर ती जागा सोडायला हे एकच कारण पुरेसे आहे. इथे टिकून राहण्यात मला काहीही शहाणपण दिसत नाही.

सुई आणि संसर्ग

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे, कचरा हाताळणाऱ्यांसह सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. हेपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. नोकरीला लागताना कोणी विचारले नसेल, तर आता आपण विचारावे.

वापरलेली सुई टोचली तर ती जागा दाबू-पिळू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि तिथल्या तिथे इन्चार्जला सांगावे. एचआयव्ही रोखणारी औषधे लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. ओरडा बसेल म्हणून दोन दिवस गप्प राहणे हे खरे संकट आहे. घटनेची लेखी नोंद करून घ्यावी, आणि नोंद करायला टाळाटाळ झाली तर ती जागा कशी आहे ते तिथेच कळते.

पगार, ड्युटी आणि कागद

नोकरी मनातून उतरण्याचे कारण पुष्कळदा इथे सापडते. कायदा सोप्या शब्दांत माहीत असला तर निम्मी भीती जाते.

राज्यात किमान वेतन कामाच्या प्रकारानुसार आणि परिमंडळानुसार ठरते आणि त्यावरचा विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैत बदलतो. आपल्या भागाचा चालू दर कामगार आयुक्त कार्यालयात कळतो. आठवड्याला ४८ तासांच्या वर घेतलेल्या कामाला दुप्पट दराने मोबदला मिळायला हवा. ‘डबल ड्युटी केली तर एक ऑफ देऊ’ हा तोंडी हिशेब त्याची जागा घेऊ शकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने नेमणूकपत्र द्यायचे आहे, आणि राजीनामा दिल्यावर वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचा आहे.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होते. तुमच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारपणात ठरावीक दिवसांचे वेतन, कामावर झालेल्या इजेचे उपचार, बाळंतपणाची भरपगारी रजा हे सगळे त्यात येते. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्यनिर्वाह निधी असतो. पगारातून कापले जाते आणि पावती, ईएसआय क्रमांक किंवा यूएएन, म्हणजे निधीचा कायमचा क्रमांक, दिला जात नाही, असे असेल तर लेखी विचारणा करावी.

मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत, छायाप्रत द्यावी. ‘एक वर्ष सोडायचे नाही’ अशा बाँडवर सही करण्याआधी तो जाणत्या माणसाला दाखवावा.

त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, मग तो डॉक्टरचा असो, सहकाऱ्याचा, पेशंटचा किंवा नातेवाइकाचा, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते.

वॉर्ड बदलून पाहणे

सोडण्याआधी करण्यासारखी ही पहिली गोष्ट. मेडिसिन वॉर्ड आणि अतिदक्षता विभाग यांत रोजचे काम बरेच वेगळे. डायलिसिसला तेच पेशंट आठवड्याला दोन-तीनदा येतात, ओळख होते, ड्युटीच्या वेळाही बऱ्याच ठिकाणी नेमलेल्या असतात. प्रसूती विभागात धावपळ खूप, पण घरी जाणारी बहुतेक माणसे आनंदाने जातात. ऑपरेशन थिएटरमध्ये नातेवाइकांशी फारसा संबंध येत नाही. ओपीडीला सहसा नाइट नसते. ज्याला माणसांशी बोलायला आवडते आणि ज्याला शांतपणे हाताने काम करायला आवडते, त्या दोघांना एकच वॉर्ड मानवणार नाही.

मेट्रनकडे बदली मागताना तक्रारीने सुरुवात करू नये. ‘मॅडम, मला थिएटरचे काम शिकायचे आहे, जागा झाली की माझा विचार करा’ एवढे पुरे. नाही म्हणाल्या तरी नाव लक्षात राहते.

ब्युरोमार्फत घरचे पेशंट

रुग्णालयात मन रमले नाही की बरेच जण घरच्या पेशंटसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडे वळतात. एकच पेशंट, घरचे वातावरण, ओरडणारा इन्चार्ज नाही. ज्यांना वॉर्डातला गोंधळ सोसत नाही त्यांना हे खरोखर मानवते. पण त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. बारा तासांची ड्युटी आणि चोवीस तासांची ड्युटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चोवीस तासांत झोप कधी, कुठे आणि जेवण कोणाचे, हे आधी ठरले नाही तर पुढे रोज भांडण. पेशंटची सेवा करायला गेलेल्या बाईला घरची भांडी आणि झाडू-पोछाही सांगितला जातो. ब्युरो पेशंटकडून किती घेतो आणि तुम्हाला किती देतो, हे विचारायला लाजू नये. कामाची यादी, तास, सुट्टी आणि पैसे कागदावर किंवा निदान मोबाइलवरच्या संदेशात तरी असावेत, आणि पत्ता घरच्यांना माहीत असावा. एकटी नवी मुलगी असेल तर पहिल्या कामालाच चोवीस तास घेऊ नये, असे मला वाटते.

पुढे शिकायचे असेल तर

काम आवडते पण ‘आपल्याला कोणी विचारत नाही’ हा सल असेल, तर त्यावर औषध शिक्षण आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांपैकी एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हीला बारावी लागते, विज्ञान शाखाच हवी असे नाही, आणि वयाची मर्यादा साधारण १७ ते ३५ आहे. त्यामुळे चार-पाच वर्षे नोकरी केलेल्यांनाही दार उघडे असते. एएनएम होऊन नोंदणी झाली की पुढे जीएनएमला जाता येते, जीएनएमनंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. थेट चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र घेऊन बारावी आणि राज्याची सीईटी लागते. दहावीवर थांबलेल्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यावी. नोकरी सांभाळून ती देणाऱ्या मुली आहेत, अवघड आहे पण होते.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची. गल्लीबोळात ‘नर्सिंग डिप्लोमा, एक वर्ष, नोकरीची हमी’ असे फलक दिसतात. त्यातले अनेक कोर्स करून कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, म्हणजे वर्ष आणि पैसे खर्चून माणूस असिस्टंटच राहतो. प्रवेशाआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव पाहावे. फलकावरच्या शब्दांवर आणि संस्थेच्या माणसाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

नर्सिंगच करायचे असे नाही. लॅब, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, एक्स-रे यांचे तंत्रज्ञ होता येते. वॉर्डात काम केलेल्याला तिथली भाषा आणि शिस्त आधीच माहीत असते.

परदेशाचे आमिष आणि परदेशाची संधी

दोन्ही खरी आहेत. जपानने २०१९ पासून विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर वृद्धसेवेसाठी परदेशी माणसे घ्यायला सुरुवात केली आणि भारताशी तसा करार २०२१ मध्ये झाला. त्यासाठी जपानी भाषेची आणि शुश्रूषेची परीक्षा द्यावी लागते, म्हणजे महिनोन्‌महिने भाषेचा अभ्यास. भाषा न शिकता पाठवतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीतला असावा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. भारतातल्या एका वॉर्डाला कंटाळून परदेशी जाऊ नये. तिथेही म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालायची असते, आणि ती परक्या भाषेत बोलत घालायची असते.

क्षेत्रच सोडायचे ठरले तर

ते अपयश नाही. तरी काही महिन्यांत मिळालेले कौशल्य फुकट घालवू नये. रुग्णालयाचा स्वागतकक्ष, मेडिकल रेकॉर्ड, विम्याचे दावे पाहणारा विभाग, औषधाचे दुकान, निर्जंतुकीकरण विभाग इथे वॉर्ड पाहिलेल्या माणसाला प्राधान्य मिळू शकते. पूर्ण वेगळ्या वाटेला गेलात, तरी घाबरलेल्या नातेवाइकाशी बोलण्याची सवय कुठल्याही दुकानात आणि कार्यालयात कामाला येते.

हातात दुसरे काही नसताना रागाच्या भरात उद्यापासून येत नाही म्हणणे मात्र टाळावे. अपवाद दोनच: जिवाला धोका किंवा अब्रूला धोका. तिथे एक दिवसही थांबू नये.

नोकरी सोडताना

राजीनामा लेखी द्यावा, त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. नेमणूकपत्रात नोटिशीचा काळ लिहिला असेल तर तो पाळावा. अनुभवपत्र मागावे. त्यात पद, वॉर्ड आणि रुजू झाल्यापासून सोडेपर्यंतच्या तारखा असाव्यात, कारण ‘चांगली मुलगी आहे’ एवढ्या ओळीचा पुढच्या ठिकाणी उपयोग नसतो. गणवेशाचे किंवा अनामत म्हणून घेतलेले पैसे परत मागावेत. शेवटच्या ड्युटीला आपल्या पेशंटची माहिती पुढच्या माणसाला नीट द्यावी, कोणाला कोणत्या कुशीवर दुखते हेसुद्धा सांगावे.

भविष्यनिर्वाह निधी असेल तर तो लगेच काढू नये. तोच यूएएन नव्या नोकरीत द्यावा, म्हणजे सेवेची वर्षे जोडली जातात. पेन्शनला एकूण दहा वर्षे लागतात. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली आहे का, ते एकदा उघडून पाहावे, कारण ती राहिली की पुढे पैसे वर्ग करताना अडते.